मटणाच्या रांगेतला वास

ज्याची सारी हयात पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासण्यात गेली, त्याचा कोणाच्या शब्दावर विश्वास बसणं कठीणच. पारखीकाकांचं तसंच झालं होतं. पारखी हे काही त्यांचं आडनाव नव्हे. भाजीच्या गाडीवर कोबीचा गड्डा कानाशी धरून वाजवताना त्यांना कोणीतरी पाहिलं आणि गल्लीने त्यांना ते नाव बहाल करून टाकलं.

काकूंचं म्हणणं, नाक्यावर एवढं मोठं दुकान असताना जिभेचे चोचले पुरवायला माणसाने इतकी तंगडतोड कशाला करावी. पण तिथलं मटण काचेच्या कपाटात प्लास्टिक पांघरून पडलेलं असे, आणि आजारी माणसासारखं पांघरूण घेऊन पडलेलं काहीही काकांना विकत घ्यावंसं वाटत नसे. मटण घ्यायचं ते बाजाराच्या टोकाच्या मटणवाल्याकडून आणि चीज घ्यायचं ते त्याच्या बरोब्बर समोरच्या चीजवाल्याकडून. दोघेही आपापल्या कामात वाघ. अडचण एकच होती. चीजवाल्याची बहीण मटणवाल्याला दिलेली, आणि हे दोघे मेहुणे एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

कारण म्हणावं तर क्षुल्लक. बहिणीच्या लग्नाच्या वाढदिवसाला चीजवाल्याने एक अख्खं चीज भेट दिलं होतं. तळघरात पोटच्या पोरासारखं वाढवलेलं, रोज कुशीवर वळवून पुसलेलं. मटणवाल्याने डबा उघडला, वास घेतला आणि नासलं बिचारं म्हणून कचऱ्यात टाकून दिलं. वर मेहुण्याला निरोप धाडला, की वाईट वाटून घेऊ नकोस, उन्हाळ्यात व्हायचंच असं. तेव्हापासून समोरच्याची पिशवी ज्याच्या हातात दिसेल त्याला मटणवाला मानेची हाडं बांधून देई, आणि चीजवाला कडेची वाळकी सालं. शहाणी गिऱ्हाइकं आज इथे तर उद्या तिथे जात.

त्या शनिवारी काकांना तेवढी सवड नव्हती. मुलीचे होणारे सासरे दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच जेवायला यायचे होते. गृहस्थ पक्के खवय्ये. मुलीने आधीच बजावलं होतं, की मटण चिवट निघालं तर ते बोलत काही नाहीत, नुसते चावत राहतात, आणि ते बघवत नाही. तेव्हा मांडीचा कोवळा तुकडा मिळायलाच हवा होता. शिवाय काकूंनी चीजही सांगितलं होतं.

इथे काकांची चूक झाली. त्यांनी चीज आधी घेतलं. चीजवाल्याने सुरीच्या टोकावर एक कपटा पुढे केला, काका विरघळले आणि दुकानातलं सगळ्यात मुरलेलं चीज मागून बसले. ती पुडी कोटाच्या आतल्या खिशात कोंबून त्यांनी गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या, चेहरा भोळा केला आणि रस्ता ओलांडला.

मटणवाल्याकडे रांग होती आणि थंडीमुळे दार लावलेलं होतं. काकांच्या अंगाच्या उबेने खिशातलं चीज हळूहळू जागं झालं. आधी पुढे उभ्या असलेल्या शाळेच्या मोठ्या बाईंनी रुमाल नाकाला लावला. मग मागचा रिक्षावाला खाकरला. काकांकडे कोणी पाहिलं नाही, सगळ्यांच्या नजरा मटणावर. बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, की माल आजचाच आहे ना. मटणवाल्याने हुकाला टांगलेली मांडी हुंगली, मग सुरी, मग स्वतःची बाही. वास होता, आणि कुठून येतोय ते काही समजत नव्हतं. दोन गिऱ्हाइकं गुपचूप बाहेर सटकली. तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला. त्याने मांडी हुकावरून उतरवली आणि तो कचऱ्याच्या पिंपाकडे निघाला.

काका कात्रीत सापडले. गप्प बसावं तर मांडी पिंपात, बोलावं तर नशिबी मानेची हाडं.

"थांबा," ते म्हणाले. "मांडी चांगली आहे. वास माझा आहे."

रांगेने त्यांच्याकडे कीव करून पाहिलं. बाई एक पाऊल दूर सरकल्या. आता कोट उघडणं भागच होतं. पुडी बाहेर आली, तिचा कागद मटणवाल्याने ओळखला आणि त्याचा चेहरा आंबला. पण बाईंचं समाधान झालेलं नव्हतं. हे तरी कशावरून नासलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मटणवाल्याने रिकामी होत चाललेली रांग पाहिली आणि तो म्हणाला, की बाई, हे मुरलेलं आहे, मुरलेल्याचा वास असाच असतो.

नेमका त्याच वेळी, आपला कागद काचेतून ओळखून, चीजवाला दारात येऊन उभा राहिला होता.

"काय म्हणालात, भावोजी?"

"काही नाही."

"मुरलेलं म्हणालात. मागे तर नासलेलं म्हणाला होतात."

"मागे माझं गिऱ्हाईक पळत नव्हतं."

मग जे साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. कोणाच्या लग्नात कोणी कोणाला पाट दिला नाही इथपर्यंत गाडी गेली. तोवर बाईंनी खात्री करण्यासाठी पुडीतला एक तुकडा तोंडात टाकला, रिक्षावाल्याने खात्री केली, रांगेतल्या सगळ्यांनीच खात्री केली, आणि काकांच्या हातात नुसता कागद उरला.

भांडता भांडता मटणवाल्याने सुरी उचलली आणि मानेच्या हाडांकडे हात नेला. चीजवाला कडाडला, की माझ्या गिऱ्हाइकाला हाडं द्यायची नाहीत.

"तुझं? हे माझं गिऱ्हाईक आहे," मटणवाला म्हणाला, आणि ते सिद्ध करायला त्याने अख्खी मांडी काकांच्या पिशवीत घातली. चीजवाला ऐकतोय होय. तो तरातरा रस्ता ओलांडून गेला आणि पहिल्यापेक्षा दुप्पट मोठा तुकडा घेऊन परत आला. काका दोघांच्या मधे बाहुल्यासारखे उभे राहिले. आपण नक्की कोणाचे, हे सांगायची त्यांची छाती झाली नाही. पैसे देऊन ते दोन्ही पिशव्यांसह बाहेर पडले, तेव्हा आत चीजवाला मेहुण्याला सुनावत होता, की मांडी जरा बारकीच दिलीत.