वकिलाऐवजी इंग्रजीवाली

मी इंग्रजी घेऊन बीए झाले, तेव्हा आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये कोणी पेढे मागितले नाहीत. दहावीला चांगले मार्क असूनही मी आर्ट्सला गेले, म्हणजे घरात काहीतरी बिनसलं असणार, असाच सगळ्यांचा समज होता. बाबा सरकारी कचेरीत नोकरीला. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कोणी विचारलंच, तर बीए करतेय, पुढे बँकेच्या परीक्षा देईल, असं सांगून ते विषय बदलायचे. मी बँकेची एकही परीक्षा दिली नाही. डोंबिवलीत एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, लग्न करून कोपरला राहायला आले. माझा पगार किती, हे बाबांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितला नाही, कारण तो सांगण्यासारखा नव्हता.

बिल्डिंगला मात्र माझी डिग्री बरोबर आठवायची. कोणाचं बँकेला पत्र, कोणाच्या मुलाचा व्हिसाचा अर्ज, महापालिकेकडे पाण्याची तक्रार, सगळं माझ्याकडे. माहेरी चहाला म्हणून जावं आणि दोन अर्ज लिहून निघावं. मोबदला म्हणजे वाटीभर अळूचं फदफदं, नाहीतर चार करंज्या. मला राग यायचा, पण करंज्या मी घरी आणून चवीने खायचे, त्यामुळे फार तक्रार करता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. बिल्डरने कराराचा मसुदा पाठवला. बासष्ट पानं, सगळी इंग्रजीत. सह्या करण्याआधी तो वकिलाला दाखवावा, असं सभेत निघालं आणि वकिलाची फी पंचवीस हजार असल्याचं कळलं. आमच्याकडे जिन्यातला बल्ब बदलायलासुद्धा सभा भरते. पंचवीस हजारांत कोणी किती द्यायचे, यावर वाद सुरू झाला. तेव्हा बाबा उठले. पुढचं मला सोसायटीच्या सेक्रेटरींनी फोनवर रंगवून सांगितलं. बाबा म्हणाले होते, "आमची मुलगी इंग्रजीची बीए आहे. ती वाचेल. वकिलाचे पैसे वाचवा."

आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी चारचौघांत माझ्या डिग्रीचं नाव काढलं होतं, तेही किमतीसकट. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की हे आपल्याला जमेल का, हा प्रश्नच मनात आला नाही.

पुढचे दोन आठवडे शाळेतून आले की मी मसुदा घेऊन बसायचे. एकही वाक्य अडलं नाही. इंग्रजी भोंगळ होतं. दोन-तीन ठिकाणी तर मी सवयीने लाल पेनाने ते सुधारलंसुद्धा. शेवटच्या पानावर पोचले आणि लक्षात आलं, या कागदांवर सही केली तर बाबांचं घर सुरक्षित राहील की नाही, हे मला सांगता येणार नाही. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तरी तेच. अठरा घरं माझ्या होकाराची वाट बघत होती, त्यातलं एक आमचं. 'ठीक आहे' म्हणून मोकळं होणं सोपं होतं, आणि बाबांची मानही ताठ राहिली असती.

सभेच्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले, म्हणजे बाबांना आधी घरात सांगता येईल. ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवायला सांगितल्यात, म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मी सांगायचं टाळलं. मग जे बोलायचं ते थेट सभेतच बोलले. ते माझं चुकलंच.

"मी सगळं वाचलं," मी म्हटलं. "वाक्यं कळली, पण करार कळला नाही. तुम्ही वकील लावा."

मागे कोणीतरी हसलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, मग इतकं शिकून फायदा काय झाला. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. सभा संपल्यावर जिना चढताना ते माझ्या पुढे चालत राहिले. मी चहा टाकू का विचारलं, तर नको म्हणाले. रिक्षात बसल्यावर स्टेशन येईपर्यंत मी रडत होते.

सोसायटीने वकील लावला. वकीलबाईंनी चार दिवसांत नेमकं बोट ठेवलं. नवी बिल्डिंग होईपर्यंत रहिवासी बाहेर राहणार, त्या काळाचं घरभाडं बिल्डर चोवीस महिने देणार होता. त्यानंतर काम रखडलं तर भाडं कोणी भरायचं, याबद्दल बासष्ट पानांत एक ओळ नव्हती. जे लिहिलं होतं ते मी अगदी नीट वाचलं होतं. जे लिहिलंच नव्हतं, ते मला दिसलं नाही. ते कलम घालून घेतल्यावरच सह्या झाल्या.

बाबा आता कोपरला आमच्या शेजारच्या इमारतीत भाड्याने राहतात. गेल्या महिन्यात सेक्रेटरींशी फोनवर बोलताना वकिलाच्या फीचा विषय निघाला. वकील लावताना कोणी किती द्यायचे यावर पुन्हा वाद सुरू झाला होता, तेव्हा तुमच्या बाबांनीच सगळे पैसे भरले, तुम्हाला मात्र सांगू नका म्हणाले होते, असं ते बोलून गेले.

मी तशीच बाबांकडे गेले. ते मटार सोलत बसले होते. पेन्शनीतून एवढे पैसे कशाला भरलेत, म्हणून मी चिडले. तुम्हाला तोंडघशी मी पाडलं होतं, तेव्हा पैसेही मीच देणार, असं सांगितलं. त्यांनी मला बोलू दिलं.

"तू ठीक आहे म्हणाली असतीस, तर आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून सह्या केल्या असत्या," ते म्हणाले. "मी तर सगळ्यांत आधी."

मग हातातली शेंग सोलून दाणे भांड्यात टाकले.

"तुझ्या कॉलेजची फी दर वर्षी तोंड वाकडं करून भरली, बाळा. ही एक मनापासून भरली. ती परत देऊ नकोस."