स्वतःला गायचं नसतं

डेव्हिड दारात आला तेव्हा मी मेथी निवडत होते. शनिवारची सकाळ, त्याच्या पायात जँडल्स, इथल्या रबरी चपला, अंगात ईस्ट टामाकीच्या वेअरहाऊसचं पिवळं जाकीट. "मम गेली, आंटी. आज पहाटे," एवढं म्हणाला आणि पायरीवरच बसला. मग त्यानं विचारलं, "तुम्हाला तिचं गाणं येतं का? फ्युनरलला कुणीतरी म्हणायला हवं..." मला येत नव्हतं. त्यालाही येत नव्हतं. इथल्या पापाकुरापासून तिच्या उत्तर ध्रुवाकडच्या गावापर्यंत ते येणारं कुणीच उरलेलं नव्हतं. आज या गोष्टीला सात आठवडे झाले.

इंगा, डेव्हिडची आई, मला पापाकुराच्या एका हॉलमधल्या विणकामाच्या ग्रुपात भेटली. मुलगा आणि सून कामावर गेले की टाकानिनीचं नवंकोरं घर मला खायला उठायचं, म्हणून सुनेनंच मला तिथे नेऊन सोडलं होतं. पंचाहत्तरीची एक बुटकी बाई खिडकीच्या कडीला दोरे अडकवून लाल-निळी पट्टी विणत बसली होती. नाव सांगितलं, "इंगा." मला हसू फुटलं. आमच्याकडे एखाद्याला 'इंगा दाखवतात', हे मी तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं, तेव्हा ती माझ्यापेक्षा मोठ्यानं हसली. पुढे सहा वर्षं, ग्रुपात कुणी आगाऊपणा केला की माझ्याकडे वाकून हळूच विचारायची, "शो हर इंगा?"

ती स्वीडनच्या पार उत्तरेची, सामी लोकांतली. हिवाळ्यात रानात, उन्हाळ्यात डोंगरावर, रेनडिअरच्या कळपामागे फिरणारं कुटुंब. एकदा चहा पिताना तिनं कागदी रुमालाची टोकं पाडसाच्या कानांसारखी कापून दाखवली. "ही बाबांची खूण. ही भावाची. ही माझी." घरातल्या प्रत्येकाची खूण वेगळी. सूर्य मावळतच नाही अशा दिवसांत पाडसांच्या कानांवर त्या खुणा कापायच्या. कातड्याच्या बुटात मोज्यांऐवजी वाळवलेलं गवत भरायचं, आणि आईनं भरलेल्या बुटात पाय कधीच गारठायचा नाही, हे सांगताना ती टेबलाखाली पाय हलवत होती. सातव्या वर्षी तिला निवासी शाळेत नेलं. तिथे घरची भाषा तोंडातून निघाली तर इतरांचं जेवण होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मग त्यांच्या दरीत धरण झालं, चराऊ रान पाण्याखाली गेलं, बाबांनी कळप विकला. इंगा जहाजावर स्वयंपाकाला लागली, तिथे एक किवी इंजिनिअर भेटला, आणि ती इथे आली. डेव्हिडला तिनं स्वतःची भाषा शिकवली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "कशाला? भिंतीकडे तोंड करून उभं राहायला?"

पण गाणी तिनं जपली होती. त्यांच्यात माणसाविषयी गाणं नसतं; ते माणूसच गातात. शब्द नावालाच, सगळा सूर. स्टेशनच्या बाकावर बसून तिनं एकदा मला तिची आई गाऊन दाखवली. घाईघाईनं चालणारी, मध्येच थांबून मागे बघणारी बाई मला खरंच ऐकू आली. मी म्हटलं, "आता तुझं म्हण." ती चक्क लाजली. "छे! स्वतःला गायचं नसतं. निर्लज्जपणा असतो तो." तिचं गाणं तिच्या भावानं बांधलं होतं. दर वाढदिवसाला तो फोनवर तिला गायचा. तो वारला त्या वर्षीच्या वाढदिवसाला ती दिवसभर फोनपाशी बसून होती, असं डेव्हिड सांगतो...

गेल्या वर्षी तिनं आपणहून विषय काढला. "तुझ्या फोनमध्ये भरून ठेव. आई, बाबा, भाऊ, सगळे गाते. डेव्हिडला हा गोंगाट वाटतो." माझं पुण्याचं तिकीट निघालं होतं, भाचीचं लग्न होतं, बॅगा अर्ध्या भरल्या होत्या. मी म्हटलं, "आल्यावर करू गं, निवांत." ती म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे चालेल, आणि विणायला लागली.

चार महिन्यांनी परतले तेव्हा ती रेस्ट होममध्ये होती. स्ट्रोक आला होता. इंग्रजी गेलं होतं, स्वीडिश गेलं होतं. उरली होती ती फक्त भिंतीकडे तोंड करायला लावणारी भाषा. नर्स प्रेमळ होती, पण म्हणायची, "काहीतरी बडबडते, डिअर." मी मंगळवारी आणि शुक्रवारी जायचे. इंगा माझं मनगट धरून काहीतरी विचारायची, उत्तराची वाट बघायची, परत तेच विचारायची. मी मान हलवायचे. "येस, इंगा. येस." कधी डोळे मिटून एकच सूर धरायची, पुन्हा पुन्हा तोच. अखेर मी फोन काढून ते सारं रेकॉर्ड केलं, आणि डेव्हिडनं ते स्वीडनला त्याच्या मामेबहिणीकडे पाठवलं.

तिचं उत्तर आलं तोवर इंगा गेली होती. बहिणीनं लिहिलं होतं, "मी सामी क्लासमध्ये शिकले, पण ही आत्याच्या दरीतली बोली आहे, ती मला येत नाही. बाबा आमच्याशी घरात ती कधी बोललेच नाहीत. मला फक्त बर्फ आणि पाडस हे शब्द कळले... आणि एक प्रश्न, 'तू कोणाची?' गाणं कुणाचं ते मात्र ओळखता येत नाही." इंगाच्या आईचं ते नव्हतं, एवढं मी सांगू शकते; ते मी स्टेशनच्या बाकावर ऐकलं होतं. तिच्या बाबांचं असेल, भावाचं असेल, किंवा कुठल्या शेजाऱ्याचं. की अखेरीला तिनं लाज सोडली होती? ते सांगू शकेल असं आता कुणी नाही. दीड महिना ती मला विचारत होती, तू कोणाची, आणि मी नुसती 'येस' म्हणत होते.

फ्युनरलला स्पीकरवर चर्चमधलं एक गाणं लावलं. मध्येच डेव्हिड उठून उभा राहिला, तोंड उघडलं, आणि तसाच खाली बसला.

आता सकाळी घर रिकामं झालं की मी ओट्याशी उभी राहून ते रेकॉर्डिंग लावते आणि मागोमाग म्हणून बघते. पहिले दोन सूर जमतात. तिसऱ्याला घसरते, आणि नकळत माझ्या आईची जात्यावरची ओवी सुरू होते. थांबते. पुन्हा लावते. पुन्हा माझी आईच येते.

इंगा येत नाही.