भिंगरीने पुसलेली डिरेक्टरी

इस्पितळातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईला सगळे भिंगरी म्हणत. नोकरीला बावीस वर्षं झाली, पण पायाला चाक ते चाकच. जेवायचं उभ्यानं, फोनवर बोलायचं येरझाऱ्या घालत.

त्या सकाळी एक्स-रेच्या कॉम्प्युटरची डिस्क तुडुंब भरली. लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याचा, मूळ कोड, ‘सोर्स’, तिथे दोन फोल्डरांत, म्हणजे डिरेक्टऱ्यांत, होता. एक जुना, एक नवा. शेजारची लिंक त्यांतल्या एकीकडे बोट दाखवायची. लिंक म्हणजे नुसती पत्त्याची पाटी. ड्रायव्हर, म्हणजे मशीन चालवणारा छोटा प्रोग्रॅम, बनवताना कॉम्प्युटर ती वाचून तिथे जातो. भिंगरीनं पाटी न वाचताच पाटीवरचीच जुनी डिरेक्टरी पुसली. नवा कर्नल अजून सुरूच केलेला नाही, जुनाच चालू आहे, हे तिच्या डोक्यातून पार गेलं.

दुपारी एक्स-रे मशीनला कॉम्प्युटरशी जोडणारं कार्ड बदललं. ड्रायव्हर नव्यानं बनवायला घेतला, तर कॉम्प्युटर म्हणे, अशी डिरेक्टरीच नाही. बाहेर बाकावर चार जण ताटकळत होते. तिनं झटक्यात लिंक नव्या सोर्सकडे वळवली. ड्रायव्हर बनला! पण चालू होता जुना कर्नल. तो या नव्या ड्रायव्हरला दारातही उभं करेना.

“डिस्क बिघडली का?” एक्स-रेवाल्या भाऊंनी विचारलं.

हो म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं.

“नाही भाऊ. माझ्याच हातून जुना सोर्स पुसला गेला.”

भाऊ बाकावरच्यांना वेळ लागेल म्हणून सांगायला गेले.

तिनं काकांना फोन लावून सगळं सांगितलं. निवृत्त होण्याआधी त्यांनीच तिला हे काम शिकवलं होतं.

“आधी खाली बस,” काका म्हणाले.

“अहो काका, माणसं खोळंबलीत!”

“म्हणूनच बस. चालू कर्नलच्याच आवृत्तीचा सोर्स परत उतरवून घे. जुन्या सेटिंगची कॉन्फिग फाइल बूटच्या डिरेक्टरीत असेल, ती त्यात ठेव. मग लिंक वळव. आणि वळवलीस की ती कुठे जाते ते वाच.”

ती बसली. टेबलाखाली पाय हलतच होते. लिंक तिनं दोनदा वाचली. साडेचारला ड्रायव्हर चढला, मशीन गुरगुरलं.

तोवर बाकावर एकच आजी उरल्या होत्या, सुजलेलं मनगट छातीशी धरून.

“झालं का गं बाई?”

“झालं आजी. या, हळू या.”

निघून गेलेल्या तिघांचे नंबर घेऊन भिंगरीनं स्वतः फोन केले. एकानं चांगलंच झापलं. एक बाई उद्या येते म्हणाल्या. तिसऱ्यानं उचललाच नाही. जिना उतरतानाही ती त्याचा नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिली.