चिंचेने घासलेलं नाणं

मी तोंडाळ आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला सांगायला नको. लग्नाला छत्तीस वर्षं झाली आणि त्यातली निदान तीस वर्षं मी नवऱ्याला त्यांच्या नाण्यांवरून बोलत आलेय. नुसतं घरातल्या घरात नाही, पाहुण्यांसमोर, फोनवर बहिणीशी, आणि दिल्लीत वाढलेल्या आमच्या लेकीला जेवढं मराठी कळतं तेवढ्या मराठीत तिच्याशीसुद्धा.

हे केंद्र सरकारच्या नोकरीतून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. पुण्याहून आलो ते इथलेच झालो. सरकारी क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा दिल्लीला लागूनच असलेल्या वैशालीत फ्लॅट घेतला. बाकीचे लोक निवृत्तीनंतर पार्कात फिरतात, राजकारणावर भांडतात. आमचे हे बँकेत जातात आणि सुट्या नाण्यांची पिशवी मागतात. बँकवाले खूश, कारण चिल्लर त्यांनाही नकोच असते. ती जड पिशवी मेट्रोच्या तपासणी मशीनमधून गेली की पडद्यावर नुसता काळा गोळा दिसतो आणि दर वेळी ती उघडून दाखवावी लागते. एकदा मी बरोबर होते. मागे रांग खोळंबलेली, पोलीसबाई विचारतेय की एवढे सिक्के कशाला, आणि हे तिला शांतपणे सांगताहेत की टाकसाळीत चुकलेली नाणी शोधायची आहेत. ती हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि घरापर्यंत मी त्यांना सोडलं नाही.

चुकलेली नाणी म्हणजे काय, ते मला ऐकून ऐकून पाठ झालंय. कोणाचा ठसा एका बाजूला सरकलेला, कोणाचा आकडा दोनदा उमटलेला, कोणावर एका बाजूला काहीच नाही. लाखो नाणी बरोबर निघतात, त्यात एखादं असं निसटतं आणि बाजारात फिरत राहतं. दूधवाला घेतो, रिक्षावाला घेतो, कोणी बघत नाही. हे बघतात. डायनिंग टेबलावर पेपर पसरून, डोळ्याला भिंग लावून, एकेक. सापडलं की हातात सुती मोजे घालून ते कडेने उचलायचं, छोट्या पारदर्शक पाकिटात ठेवायचं, आणि सोबत कागदाची चिठ्ठी, ऑफिसात फाईलवर शेरा लिहावा तशी. कुठे सापडलं, वजन किती, काय चुकलंय. खाली एक ओळ ठरलेली, 'हाताळू नये'. मी म्हणायचे, अहो, चुकलेल्या नाण्यांवर एवढी माया, आणि बायकोचं चुकलं की मात्र लगेच दिसतं. ते खोटं होतं. यांनी माझी चूक कधी काढलेली मला आठवत नाही. पण बोलायला छान वाटायचं.

एक गोष्ट मात्र मी कधी नीट समजून घेतली नाही. करोल बागेत एका जिन्याने वर गेलं की पहिल्या मजल्यावर जुन्या नाण्यांचं दुकान आहे. रविवारी तिथे छंदी माणसं जमतात, आणि तिथे यांना मान आहे. कारण या धंद्यात लबाडी फार. दोन चांगली नाणी लोखंडी शिकंज्यात दाबून खोटी चूक तयार करतात, कानशीने घासतात, तेजाबात बुडवतात आणि भोळ्या माणसाला हजारोंना विकतात. हे भिंगातून बघून सांगतात, टाकसाळीची चूक आहे की माणसाची. साहब बोले तो पक्का, असं तिथे म्हणतात. यांनी त्याचा एक पैसा घेतला नाही. ऑफिस सुटल्यावर साहेब म्हणणारं दुसरीकडे कोणी उरलं नव्हतं, आणि रविवारची ती दोन तासांची खुर्ची यांना किती हवी होती, ते घरात बसून मला दिसत नव्हतं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता यांना ते नाणं सापडलं. पाच रुपयांचं, पितळी रंगाचं. एका बाजूला सिंह नेहमीसारखे. दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण आत खोल गेलेले आणि उलटे. पाचाचा आकडा कुठेच नाही. आधीचं नाणं साच्यात अडकून राहिलं की पुढच्यावर त्याचाच ठसा बसतो, असं यांनी समजावलं. मी म्हटलं, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करा आधी.

मग दिवाळीच्या आधी दुकानदाराचा फोन आला. स्पीकरवर होता म्हणून मी ऐकलं. यांनी पाठवलेला फोटो बघूनच तो बारा हजार द्यायला तयार होता, भाऊबीज झाल्यावर घेऊन या म्हणाला. शिवाय म्हणाला, साहेबांच्या हातातून येतंय म्हणजे मी तपासणार पण नाही. बारा हजार म्हणजे काही घबाड नव्हे, पण पाच रुपयांचे बारा हजार! मी पोळी लाटायची थांबले. तीस वर्षं ज्याला मी कचरा म्हणत होते त्यात खरोखरची लक्ष्मी होती, आणि मला एकदम फार वाईट वाटलं. तोंडाने मात्र एवढंच म्हटलं, अच्छा, म्हणजे वायाच गेलं नाही सगळं.

माफी मागायची मला सवय नाही. मी ती माझ्या पद्धतीने मागायची ठरवली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हे खाली सोसायटीत दिव्यांच्या माळा लावायला गेले होते. मी समई, निरांजन, ताम्हन चिंच-मीठ लावून घासायला घेतलं होतं. पाटावर दागिने मांडायचे, चांदीचे दोन रुपये मांडायचे, नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहायचं, हे आमच्याकडे दर वर्षीचं. या वर्षी मधोमध यांचं नाणं ठेवायचं असं माझ्या मनाने घेतलं. कपाटातून पाकीट काढलं. नाणं काळपट दिसत होतं. असं मळकं लक्ष्मीपुढे कसं ठेवायचं? चिंचेचा गोळा घेतला आणि समईबरोबर तेही खसाखसा घासलं. वरून नारळाच्या शेंडीने. काय लखलखलं! मग पंचामृताने न्हाऊ घातलं, पुसलं आणि सिंहाच्या कपाळाला कुंकू लावलं.

नाणं धुवायचं नसतं. काळाने त्यावर चढलेला तो मळकट रंगच त्याच्या खरेपणाची खूण असते. घासलं की पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात आणि मग ते नाणं कोणी घेत नाही, उलट शंका घेतात की काहीतरी लपवायला घासलंय. हे आज मला माहीत आहे. तेव्हा चिठ्ठीवरची 'हाताळू नये' ही ओळसुद्धा मी वाचली होती आणि म्हटलं होतं, देवासाठी चालतं.

हे वर आले, हातपाय धुऊन पाटासमोर बसले आणि त्यांना नाणं दिसलं. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं की तुमच्या लक्ष्मीला यंदा मधला मान दिलाय. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "छान केलंस." आरती म्हणताना आवाज जरा खाली गेला होता. मला वाटलं, भरून आलं असेल.

भाऊबीज झाली. मी करोल बागेला कधी जायचं विचारलं तर आज ऊन आहे, उद्या गर्दी आहे, परवा दुकान बंद असेल. दुकानदाराचे दोन फोन यांनी उचललेच नाहीत. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा छंदाचे चार पैसे येताहेत तर तुमचा पाय निघत नाही, मी येते बरोबर, चला. ते म्हणाले, राहू दे ना, नाही विकत. मी ऐकते कुठली. नाणं पर्समध्ये टाकलं आणि त्यांना जवळजवळ ढकलत मेट्रोत बसवलं.

दुकानात चौघेजण बसले होते. सगळे उठून उभे राहिले, यांच्यासाठी खुर्ची सरकवली. मी नाणं दुकानदाराच्या पुढ्यात ठेवलं. नाण्याची चकाकी बघून त्याने भिंग लावलं आणि त्याचा चेहराच उतरला. त्याने ते शेजारच्याला दिलं, शेजारच्याने तिसऱ्याला. मग दुकानदार बोलायला लागला. हे घासलंय, याचे आता पाच रुपयेच येतील, आणि कशाने घासलं, का घासलं, घासल्यावर कोण विश्वास ठेवणार. नवशिका पण असं करत नाही, म्हणाला. तिसरा हळूच म्हणाला की मग मागची जी नाणी साहेबांनी पास केली, ती पण एकदा बघायला हवीत.

मला सगळं तिथेच कळलं. यांची ती खुर्ची, तो मान, सगळं माझ्या चिंचेने घालवलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, "मुझसे गलती हो गई। मैंने ही धोया।"

मी नाणं उचलून पर्समध्ये टाकलं. आम्ही जिना उतरलो. रस्त्यावर एवढी गर्दी, कपड्यांच्या दुकानांच्या पाट्या, हॉर्न, आणि मी त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं.

"खोटं का बोललात?"

"दोन मिनिटं बोलला तो," हे म्हणाले. "मला ऐकून घ्यायची सवय आहे. तुला नाही."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी परतवला असता. पाऊस आहे, छत्री घे, इतक्या साधेपणाने त्यांनी ते सांगितलं. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. त्यांना तिथेच उभं राहायला सांगितलं आणि गुडघे धरत पुन्हा जिना चढले.

चौघे तिथेच होते, नाण्याबद्दलच बोलत होते. मी म्हटलं, "धोया मैंने। पूजा के लिए, इमली से। ये तो बिना दस्ताने के हाथ भी नहीं लगाते।" चिठ्ठीवर काय लिहिलं होतं तेही सांगितलं, आणि मी ते वाचूनही ऐकलं नाही तेही. दुकानदार गोंधळला. म्हणाला, पर साहब ने झूठ क्यों बोला?

मी म्हटलं, "क्योंकि घर में मैं इन्हें बहुत बोलती हूँ। इनको आदत पड़ गई है।"

दुकानदाराने मला पाणी दिलं. खाली आले तेव्हा हे रस्त्याकडे पाठ करून जिन्याकडेच बघत उभे होते. काय सांगितलंस म्हणून विचारलं. म्हटलं, नाणं मी धुतलं, ते सांगितलं. त्यापुढे मी तिथे काय बोलले, ते मात्र यांना सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी दुकानदाराचा फोन आला, एक नाणं आलंय, साहेबांनी बघावं. हे मोजे, भिंग घेऊन गेले. मी दार लावून स्वयंपाकघरात आले. चार परक्या माणसांसमोर, हिंदीत, मी जे घडाघडा बोलून गेले, ते आपल्या घरात, मराठीत, त्यांच्यासमोर मला अजून म्हणता आलेलं नाही.