खोलीमागे भाडं

माझा राग नाकावर असतो, असं आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, लग्न झाल्यापासून सांगत आले आहेत. खोटं नाही. पण त्या दीड-दोन वर्षांत रागवायचं तरी कोणावर? साथ आली, शाळा बंद झाली, लेकरं घरी बसली. शाळेचा करार मात्र एकही घरी बसला नाही. व्हॅनवाल्याचा वर्षाचा करार, कॉम्प्युटरच्या हप्त्यांचा करार, शिक्षकांच्या अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरी, सगळे आपापल्या तारखेला दारात हजर. यायची नाही ती फक्त फी.

आमची शाळा म्हणजे कोंढा गावाहून थोडं आत, तलावाच्या पाळीला लागून पाच मोठ्या खोल्या. वर टिनाचं छत, समोर पटांगण. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी एका खोलीत, पाचवी, सहावी, सातवीला एकेक. विनाअनुदानित, म्हणजे सरकारचा एक पैसा नाही. आईबाप फी भरतील तर शाळा चालणार, आणि आईबाप सगळे धानवाले. धान विकला, चुकारा झाला, म्हणजे विकल्याचे पैसे खात्यात पडले, की फी येते. त्याच्याआधी मागायला गेलं तर चहा मिळतो. मी मुख्याध्यापिका, संस्थेची सचिवही मीच, आणि सकाळी कुलूप उघडायला कोणी नसलं तर तेही मीच.

सुरुवातीचे महिने मी बरे निभावले. व्हॅनवाल्याला म्हटलं, भाऊ, करार मोडत नाही, पण पूर्ण पैसे माझ्याच्यानं होत नाहीत. अर्धे घे आणि गाडी तुझ्या कामाला लाव. तो त्याच व्हॅनमध्ये वांगी-टमाटे घेऊन गावोगाव फिरू लागला. कॉम्प्युटरवाल्या कंपनीचा माणूस फोनवर जरा तोऱ्यात होता. म्हणाला, "मॅडम, हप्ता थांबवायचं करारात कुठंच लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, "साथ येणार हे तरी कुठं लिहिलं होतं, बाबू? घेऊन जा तुमचे डबे."

घेऊन गेले. पोरांसाठी जीव हळहळला, पण हप्ता सुटला.

शिक्षकांचं तसं करता येत नव्हतं. त्यांना मी अर्धा पगार कबूल केला होता. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत तो अर्धाही देणं होईना. आमच्या दोन मॅडम पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जायचं बोलू लागल्या. रोवणी आम्हाला काही नवी नाही, मीही केली आहे. पण सातवीला गणित शिकवणारी बाई दुसऱ्याच्या बांधीत, चिखलात, रोजीनं उभी राहणार, हे ऐकून मला रात्रभर कसंतरी झालं.

अशात एक दिवस धान खरेदी केंद्राचे व्यवस्थापक मोटारसायकल घेऊन पटांगणात आले. उन्हाळी धान निघाला होता, केंद्रावर रांगा लागल्या होत्या आणि गोदामं आधीच्याच धानानं भरलेली. "मॅडम, खोल्या रिकाम्याच हायेत ना जी? भाड्यानं द्या आमाले."

मला वाटलं, देवच पावला. पण तोंडावर दाखवलं नाही. स्टॅम्प पेपर आणवला आणि करार मीच लिहून काढला. भाडं दर खोलीमागे, दर महिन्याला. आणि एक अट मी ठणकावून घातली: शाळा सुरू करायचा आदेश आला की आठ दिवसांत खोल्या रिकाम्या करून द्यायच्या. ते हसले. म्हणाले, "शाळा सुरू होते तवा पाहू ना जी." आणि सही केली.

मग ट्रॅक्टर लागले. हमालांनी पोत्यांच्या थप्प्या लावल्या, त्या छातीएवढ्याच. वर उंच चढवायचे म्हणजे हमालीही वाढते आणि वेळही जातो. केंद्रावर शेतकरी ओरडत होते, तिथं कोणाला सवड होती? तीन खोल्यांत मावला असता तेवढा धान पाचही खोल्यांत ऐसपैस पसरला. मी दारात उभी राहून पाहत होते. मला कळत नव्हतं असं नाही, शेतकऱ्याच्या घरची आहे मी. पण भाडं खोलीमागे होतं. मी मनात म्हटलं, पसरा बापा, पसरा.

त्या भाड्यावर आमचे पगार पुन्हा सुरू झाले. गणिताच्या मॅडमनं रोवणीचा विषय सोडला. मी स्वतःवर इतकी खूश होते की आमच्या घरच्यांना दोन-तीनदा ऐकवलं, पाहा, याला म्हणतात व्यवहार. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. फक्त म्हणाले, "उंदीर होतील तेवढं पाह्य."

उंदीर झालेच. पण खरी पंचाईत झाली ती शाळा सुरू करायचा आदेश आल्यावर. पाचवी ते सातवीचे वर्ग भरवा, म्हणे, अंतर ठेवून, मास्क लावून. दिवाळी तोंडावर होती. ज्या आदेशाची मी दीड वर्ष वाट पाहिली, तो मोबाईलवर वाचला आणि मी खोल्यांकडे पाहिलं. पाचही खोल्यांत धान होता.

केंद्रावर गेले. व्यवस्थापक म्हणाले, "गिरणीवाले उचलूनच नाई राहिले जी. भरडाईच्या भावावरून त्यायचं सरकारसंग भांडण चालू हाये. मी कुठं नेऊ धान? माह्या डोक्यावर ठेवू?"

मी पर्समधून स्टॅम्प पेपर काढून टेबलावर आपटला. "आठ दिवस लिहिलं आहे याच्यात."

"लिहिलं हाये ना. मी नाई कुठं म्हणतो?" त्यांनी तो शांतपणे घडी घालून परत दिला. "कोर्टात जा जी मॅडम. मीबी येतो तुमच्यासंग."

असा राग आला, असा राग आला, पण त्या माणसाचंही खोटं नव्हतं. वकिलाला विचारलं तर तो दोन वर्षांची गोष्ट करू लागला. समाजमंदिर मागावं तर तिथं लसीकरण चालू. आणि इकडे हायवेकडच्या मोठ्या शाळेची पिवळी बस रोज गावात चक्कर मारू लागली. त्यांची माणसं घरोघर जात होती. त्यांची शाळा पहिल्या दिवशी भरणार होती, फी दिवाळीनंतर दिली तरी चालणार होती. आमच्याकडे दाखले मागायला आईबाप येऊ लागले. मोठा पोरगा तिकडे गेला की धाकटी बहीणही त्याच्या मागं जाणार, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको. पहिल्या दिवशी आमचे तीन वर्ग बसले नाहीत तर शाळा संपली, आणि दीड वर्ष अर्ध्या पगारावर थांबलेले माझे शिक्षकही संपले.

मी पालकांची सभा बोलावली. ठरवून गेले होते की हात जोडायचे, गोड बोलायचं. पटांगणात सगळे मास्क हनुवटीवर ओढून बसलेले. मी बोलायला उभी राहिले आणि झालं भलतंच. म्हटलं, दाखले पाहिजेत ना, घेऊन जा, पण जाताना आपापली पोतीही घेऊन जा. तुमचाच धान आहे ना आत? तुमच्याच धानानं तुमच्या लेकरांची जागा अडवली आहे, आणि मला विचारता शाळा कधी भरणार? आमच्या घरचे मागं उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला.

मग सहावीतल्या एका मुलीचा बाप उठला. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. तलावाखाली दोन बांध्या, बस. त्यानं सकाळीच दाखल्याचा अर्ज दिला होता. तो खिडकीतून आत डोकावला. मग दुसऱ्या खिडकीतून. मग तिसऱ्या.

"मॅडम," तो म्हणाला, "एवढासा धान पाच खोल्यायत काहून पसरवला जी?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "भाडं खोलीमागे होतं," मी म्हटलं.

आधी एक जण हसला. मग सगळ्या पटांगणात हशा पिकला. म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि थोड्या वेळानं मीही हसले. दीड वर्षात त्या पटांगणात एवढं कोणी हसलं नव्हतं.

पुढचं काम त्यांनीच ठरवलं. व्यवस्थापकांना बोलावलं. धान आता सरकारी, त्याला त्यांच्या परवानगीशिवाय हात लावता येत नव्हता. त्यांनी ती लगेच दिली, काहून नाही देणार? हमाली लागणार नव्हती आणि खोल्यांचं भाडंही वाचणार होतं. मी जुना करार बाजूला ठेवून नवा लिहिला: भाडं फक्त दोन खोल्यांचं. लिहिताना दोनदा थांबले, कारण पुढच्या महिन्याचे पगार कुठून काढायचे ते मला माहीत नव्हतं. तरी लिहिला.

रविवारी सकाळी बाप लोक आले. कोणी काका, कोणी आजाही. एकानं पोतं पाठीवर द्यायचं, दुसऱ्यानं न्यायचं, दोघांनी वर चढून रचायचं. बायांनी नाश्त्याला आलुपोंगे आणि चहा केला. दोन खोल्या छतापर्यंत भरल्या. तिसऱ्या, म्हणजे सहावीच्या, खोलीत मागच्या भिंतीला लागून एक उंच थप्पी उरली, ती कुठंच मावेना. बाकी सगळं रिकामं. आमच्या मॅडम लोकांनी भुसा झाडला, उंदरांची बिळं बुजवली, फरशा धुतल्या. संध्याकाळी मी रिकाम्या सातवीत जाऊन उगाच उभी राहिले. किती दिवसांनी मोकळा श्वास आला.

आज हे सांगताना हलकं वाटतं, कारण सगळं निभावलं. दिवाळीच्या दोन दिवस आधी अडकलेले चुकारे झाले, फी आली, पगार झाले. गिरणीवाल्यांचं भांडण मिटलं आणि धानही उचलला गेला. पण शाळा भरायच्या त्या सोमवारी सकाळी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. एवढंच दिसत होतं की आया लेकरांना घेऊन सहावीच्या दारात येत होत्या, ती मागची पोत्यांची थप्पी पाहत होत्या आणि तिथंच थांबत होत्या. डोक्याच्या वर गेलेली थप्पी. पडली तर? मलाही तीच भीती. त्या दारातून आत कोणी जाईना, आणि चौकात पिवळी बस हॉर्न देत होती.

तेवढ्यात तो बाप आला, मुलीचा हात धरून. मी तोंड पाडून म्हटलं, "तुमचा दाखला तयार आहे. टेबलावर ठेवला आहे."

तो आयांच्या मधून वाट काढत आत गेला. थप्पीला दोन्ही हातांनी रेटा दिला, खांदा लावून पाहिला. मग एक बेंच ओढत ओढत अगदी पोत्यांजवळ नेला आणि मुलीला म्हणाला, "इथं बस." ती बसली. दप्तर मांडीवर घेतलं.

बाहेर येऊन तो माझ्यापाशी थांबला. "दाखला राहू द्या जी. काल त्या थप्पीवर मीच चढलो होतो. मी आपली पोरगी तिकडच्या शाळेत नेईन, तं बाकीचे आपली कायले बसवतीन तिथं?"

मागून एक आई आपल्या पोराला पुढं ढकलत म्हणाली, "जाय, तिच्या बाजूच्या बेंचावर बस." मग दुसरी आत गेली, मग तिसरी. मी डोळे पुसले, हजेरीचा कागद घेतला आणि वर्गात गेले.