जेवता कुठल्या हाताने?
शेजारी सुताराने सागवान कापायला घेतलं की त्या वासासरशी मला परळच्या इस्पितळातली ती खोली आठवते. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत बाबांच्या डाव्या हाताची तीन बोटं करवतीत गेली होती. हात किती टक्के निकामी झालाय हे डॉक्टर ठरवणार होते आणि नुकसानभरपाई त्यावरच मिळणार होती. वखारीच्या शेठचा माणूस दात कोरत भिंतीला टेकून उभा होता. डॉक्टरांनी खाली बघतच विचारलं, “काका, जेवता कुठल्या हाताने?” “उजव्या,” बाबा म्हणाले. “म्हणजे कामाचा हात शाबूत आहे की!” शेठच्या माणसाने लगेच तोंड घातलं. मी आणि आई समोरच उभे होतो. बाबा पक्के डावखुरे होते, पण लहानपणी ताटात डावा हात घातला की आजी फटके द्यायची, म्हणून तेवढं जेवण उजव्याने. डावखुरेपणाची लाज त्यांना अजून वाटायची, त्यामुळे त्यांनी ते डॉक्टरांना सांगितलंच नाही. आईने कमरेची चावी काढली आणि “अहो, धरा!” म्हणत त्यांच्याकडे फेकली. बाबांचा डावा हात झटकन वर गेला आणि चावी उरलेल्या दोन बोटांतून निसटून लादीवर खणकन पडली. डॉक्टरांनी आता कुठे मान वर केली. “पुन्हा फेका बघू.” “नाही फेकणार,” आई म्हणाली. तिने चावी उचलून परत कमरेला खोचली. डॉक्टरांच्या कागदावर डावा हात कामाचाच ठरला. आजही आमच्या घरात कुणी कुणाला काही फेकून देत नाही. चावीसुद्धा आम्ही उठून जवळ नेऊन देतो, आणि बाबा अजूनही डावाच हात पुढे करतात.