मनगटाचा काळा दोरा

मनगटाला काळा दोरा बांधला की हात कुणावर उठणार नाही, असं मी खरंच मानलं होतं. केवढी मी शहाणी!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. नवीन संसार, आणि माझा राग असा की भांडं आपटल्याशिवाय भाजीच व्हायची नाही. सासूबाई मला औंढ्याला घेऊन गेल्या. नागनाथाच्या पायाशी ठेवलेला दोरा त्यांनी माझ्या हाताला बांधला. झालं, मी मोकळी! राग आवरायचं काम आता दोऱ्याचं. मी नुसतं बांगड्या वाजवत हिंडायचं. काही महिने निभलंही, तर कौतुक सगळं दोऱ्याचं.

एका सकाळी राखेनं भांडी घासताना तो तुटला. संध्याकाळी जावेच्या लहानग्या पोरीनं धार काढायच्या आधीच वासरू सोडलं. वासरानं सगळं दूध पिऊन टाकलं. माझा हात उठला. पोर दावणीच्या दगडावर पडली, ओठ फुटला.

जाऊ धावत आली. "काहून मारलं माह्या लेकराला?"

"माहा दोरा तुटलाय सकाळी!" वर मीच ओरडले.

"व्हय बाई, दोऱ्यानंच मारलं. तू बापडी नुसती उभी व्हतीस."

मला तेव्हा मूल नव्हतं. ती पोर माझ्याच ताटात जेवायची, वेणी माझ्याकडूनच घालून घ्यायची. आता मी दिसले की आईच्या पदरात शिरायची. मग मी काय केलं असेल? औंढ्याहून नवा दोरा मागवला, चांगला जाडजूड!

तो माझ्या हातावर एक दुपारसुद्धा टिकला नाही. मीच तोडून चुलीत टाकला. तेव्हापासून हा हात मीच धरून ठेवते. अजूनही उठतो मेला, नातवंडांवर. मग मांडीखाली दाबून बसते. लोकांचे गुडघे थकतात, माझा हात धरून धरून जीव थकलाय. पण दुसऱ्या कुणाला म्हणावं, जरा धर म्हणून?

त्या दुपारी मी गुळाचा खडा पुढं करून पोरीला बोलावलं होतं, नवा दोरा दाखवला होता. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. गूळ बघितला, दोरा बघितला, अन् म्हणाली,

"काकी, ह्यो तुटायला आला की मला आधी सांगशील ना? म्हंजी मी पळून जाईन."